आधी कसोटी, मग कारखाना

शिर्डीचे विमानतळ शिर्डीत नाही. ते कोपरगाव तालुक्यातल्या काकडीच्या माळावर आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. अडीच हजार मीटर लांबीच्या त्या धावपट्टीवर तेव्हापासून जी प्रवासी जेट विमाने उतरत आली, ती प्रामुख्याने दोनच घराण्यांतली: युरोपच्या एअरबसचे ए-३२० आणि अमेरिकेच्या बोइंगचे ७३७. आत मधोमध एकच वाट, दोन्ही अंगांना तीन-तीन आसने आणि साधारण दीडशे ते दोनशे प्रवासी. या जातीच्या विमानांना नॅरोबॉडी म्हणतात आणि देशांतर्गत हवाई वाहतुकीचा मोठा भार तीच वाहतात. जून २०२३ मध्ये इंडिगोने एअरबसकडे एका दमात अशी ५०० विमाने नोंदवली. त्याच वर्षी फेब्रुवारीत एअर इंडियाने जाहीर केलेल्या ४७० विमानांतली ४०० याच जातीची होती. इतकी गरज असलेल्या देशाने आपले विमान आपण का बांधू नये, हा प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएल आणि रशियाची युनायटेड एअरक्राफ्ट कॉर्पोरेशन यांच्यात एसजे-१०० हे प्रवासी जेट भारतात बनवण्याचा सामंजस्य करार झाला आणि प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. आपण विमान बांधावे, याबद्दल मला शंका नाही. पण विमान बांधता येणे ही एक विद्या आहे आणि ते सुरक्षित आहे हे पुराव्यानिशी सिद्ध करता येणे ही दुसरी. आपली खरी उणीव दुसऱ्या विद्येत आहे आणि ती कारखाना उभारून आपोआप भरून निघत नाही.

नवे विमान काढणे म्हणजे खरे तर विमानांचे कुटुंब काढणे. ए-३१९ ची लांबी ३३.८४ मीटर, ए-३२० ची ३७.५७ आणि ए-३२१ ची ४४.५१. पण कॉकपिट तेच, त्यामुळे एकाचे प्रशिक्षण घेतलेला वैमानिक तिन्ही चालवू शकतो, सुट्या भागांचे कोठार एकच पुरते आणि एअरलाइन गर्दी पाहून लहान-मोठे विमान पाठवू शकते. असे कुटुंब एकदा बसले की ते अनेक दशके चालते. ७३७ पहिल्यांदा उडाले १९६७ साली, ए-३२० उडाले १९८७ साली, आणि आजही विकली जातात ती त्यांचीच सुधारलेली रूपे. कोऱ्या कागदावरून नवे विमान काढून त्याचे टाइप सर्टिफिकेट, म्हणजे आराखडा सुरक्षित असल्याचे नियामकाचे प्रमाणपत्र, मिळवणे इतके खर्चाचे आणि जोखमीचे आहे, की मुरलेल्या कंपन्यासुद्धा ते टाळतात. २०११ मध्ये बोइंगने हेच केले. जुन्या ७३७ ला मोठी इंजिने लावली; ती पंखापासून अधिक पुढे आणि वर बसवावी लागली, त्यामुळे काही परिस्थितीत विमानाचे नाक वर उचलले जाऊ लागले, आणि ते खाली आणण्यासाठी एक संगणकी प्रणाली घातली, जी एकाच संवेदकाच्या सांगण्यावर चालत होती. या विमानाच्या ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसे गेली. जोडणीत कसूर नव्हती. कमी पडली ती तपासणी, आणि तीही जगात सर्वांत अनुभवी समजल्या जाणाऱ्या देशात.

भारताने बारकाईने अभ्यासावे असे उदाहरण मात्र जपानचे आहे. मित्सुबिशीची कारागिरी वादातीत आहे. बोइंग ७८७ चे कॉम्पोझिट पंख नागोयात त्याच समूहात बनतात. २००८ साली मित्सुबिशीने ७० ते ९० आसनांचे स्वतःचे जेट जाहीर केले. पहिले विमान ग्राहकाला २०१३ च्या सुमारास मिळायचे होते; प्रत्यक्षात पहिले उड्डाणच ११ नोव्हेंबर २०१५ रोजी झाले. विमान छान उडाले. अडचण पुढे आली. पाण्याची गळती किंवा स्फोट झाला तर काय होईल, याचा हिशेब मांडताना लक्षात आले की महत्त्वाची इलेक्ट्रॉनिक उपकरणे एकाच ठिकाणी दाटली आहेत. एका आघाताने सगळीच निकामी झाली तर वैमानिकाच्या हाती काही उरणार नाही. उपकरणांचे कप्पे हलवावे लागले, म्हणजे हजारो तारांचे जाळे नव्याने आखावे लागले, आणि त्या नव्या आखणीचा प्रत्येक पुरावा पुन्हा पहिल्यापासून गोळा करावा लागला. ३,९०० तासांहून अधिक चाचणी उड्डाणे झाली, तारखा सहा वेळा पुढे गेल्या आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. प्रमाणपत्राची प्रक्रिया किती गुंतागुंतीची आहे याची समज सुरुवातीला अपुरी होती, हे कंपनीने स्वतः मान्य केले. जपानने याआधी वायएस-११ नावाचे प्रवासी विमान बनवले होते. ते १९६२ साली उडाले, १८२ विमाने तयार झाली आणि सत्तरच्या दशकात उत्पादन थांबले. ज्यांनी ते सिद्ध केले ती माणसे निवृत्त झाली, त्यांच्या हाताखाली कोणी शिकले नाही, आणि चाळीस वर्षांच्या खंडानंतर कारखाना शाबूत होता पण विद्या गेली होती.

आपला खंडही लहान नाही. ब्रिटिश परवान्यावर कानपूरला बांधलेले पहिले अ‍ॅव्हरो एचएस-७४८ नोव्हेंबर १९६१ मध्ये उडाले. एचएएलने अशी ८९ विमाने बांधली. त्यांतली काही इंडियन एअरलाइन्सकडे गेली, बहुतेक हवाई दलाकडे. १९८८ मध्ये काम संपले आणि त्यानंतर भारतात पूर्ण प्रवासी विमानांची अशी मालिका पुन्हा निघाली नाही. सत्तावीस वर्षे विमान जोडले, पण नकाशा दुसऱ्याचा असल्यामुळे पुढचे विमान आखणारी पिढी त्यातून घडली नाही. बंगळूरच्या सरकारी विमान-संशोधन प्रयोगशाळेने आखलेले १४ आसनांचे सारस २००४ साली उडाले. मार्च २००९ मध्ये त्याच्या दुसऱ्या प्रोटोटाइपला अपघात होऊन दोन वैमानिक आणि एक अभियंता गेले आणि प्रकल्प कित्येक वर्षे मागे पडला.

आता एसजे-१००. त्याच्या बाजूने खरोखर बळकट मुद्दे आहेत. काकडीला पहिली नियमित सेवा अलायन्स एअरच्या एटीआर ७२ ने दिली. सत्तर आसनांचे एटीआर आणि १८० आसनांचे ए-३२० यांच्या मधल्या मापाचे जेट शिर्डीसारख्या ठिकाणांना उपयोगी पडेल, यात वाद नाही. प्रादेशिक मार्गांसाठी येत्या दशकात अशी दोनशेहून अधिक विमाने लागतील, असा एचएएलचा अंदाज आहे. पण याच विमानाचा इतिहासही पाहावा. मेक्सिकोच्या इंटरजेट या एअरलाइनने ते मोठ्या हौसेने घेतले. इंजिने आणि सुटे भाग वेळेवर मिळेनात, तेव्हा काही विमाने जमिनीवर ठेवून त्यांचेच भाग काढून इतरांना लावावे लागले. युक्रेन युद्धानंतर, मार्च २०२२ मध्ये, युरोपच्या नियामकाने त्याचे प्रमाणपत्र निलंबित केले. पाश्चात्त्य भाग काढून रशियन भाग आणि नवे पीडी-८ इंजिन बसवलेले रूप २०२५ मध्ये अजून चाचण्या देत होते. म्हणजे आपल्याकडे येणारे विमान पुन्हा सिद्ध होण्याच्या वाटेवरच आहे. ते सिद्ध करण्यात आपले अभियंते सामील झाले, मूळ गणिते त्यांना पाहायला मिळाली आणि नकाशात बदल करण्याचा अधिकार भारताकडे आला, तर हा करार सोन्याचा आहे. नुसत्या पेट्या येऊन जोडणी होणार असेल, तर कानपूरचीच पुनरावृत्ती होईल.

चीनने करून दाखवले, मग आपण का नाही, असे विचारले जाते. सी-९१९ चे काम २००८ मध्ये सुरू झाले, विमान २०१७ मध्ये उडाले, २०२२ मध्ये चीनचे प्रमाणपत्र मिळाले आणि मे २०२३ मध्ये प्रवासी बसले. पंधरा वर्षे, तीही सरकारी तिजोरी आणि सरकारी एअरलाइन पाठीशी असताना. तरी इंजिन अमेरिकी-फ्रेंच कंपनीचे आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेने त्याच्या निर्यातीला काही आठवडे खीळ घातली. चीनचे उदाहरण चिकाटीचे आहे आणि मला ते पटते, पण झटपट यशाचा पुरावा म्हणून ते चालणार नाही.

दुसरा आक्षेप असा की एवढी यातायात कशाला, विमाने विकत मिळतात, सुटे भाग बनवून परकीय चलन मिळवावे. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग ७८७ चे कॉम्पोझिट फ्लोअर बीम बनतात, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण ज्याच्याकडे पुराव्यांचे दप्तर, त्याच्याकडे सत्ता. २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनातल्या धातूच्या भुकटीचा दोष उघड झाला आणि इंडिगोची डझनावारी विमाने उभी राहिली. त्याच कंपनीच्या इंजिनांना दोष देत गो फर्स्टने आधीच दिवाळखोरीचा अर्ज केला होता. तपासणीचे वेळापत्रक दुसऱ्या देशात ठरत होते आणि तिकिटे आपल्याकडे रद्द होत होती.

सिद्ध करण्याची विद्या आपल्याला परकी नाही, हे अहिल्यानगरकरांना वेगळे सांगायला नको. डीआरडीओची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, इथेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमानुसार नव्या वाहनाचा नमुना तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या मोजक्या संस्थांत तिचे नाव आहे. ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबते, चढावर धरते का, धुराचे प्रमाण किती, हे मोजून, नोंदवून, सही करून देण्याची शिस्त इथे रुळलेली आहे. याच संस्थेने बंगळूरच्या प्रयोगशाळांबरोबर निशांत या मानवरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन घडवले. जमिनीवरच्या चाचण्यांनंतर २००९ मध्ये निशांत त्यावर उडाले. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या ओझरला १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथल्या एचएएल कारखान्यात तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए लढाऊ विमान उडाले आणि ए-३२० च्या देखभालीसाठी एचएएलने एअरबसशी करार केला आहे. पण लढाऊ विमानाचे निकष वेगळे असतात: त्यात वैमानिकाला बाहेर झेप घेता येते, प्रवाशाला नाही. अर्धे दरवाजे बंद, बाहेर काळोख, आणि नव्वद सेकंदांत भरलेले विमान रिकामे, ही प्रवासी विमानाची चाचणी तेजसला कधी द्यावी लागत नाही. म्हणून नागरी प्रमाणपत्राची माणसे वेगळी घडवावी लागतील: डीजीसीए या आपल्या नागरी हवाई नियामकाकडे कायमस्वरूपी, चांगल्या पगाराचे चाचणी अभियंते आणि चाचणी वैमानिक, आणि त्यांच्या हाताला अखंड काम. १९ आसनांचे सारस मार्क-२ हे त्या कामाचे पहिले पुस्तक ठरू शकते. त्याला मिळणारा निधी एसजे-१०० च्या जोडणीपायी आटवू नये.