चाक थांबण्याआधीच सगळं ठरलेलं असतं

मुंबईच्या मटक्यात आकडा लावला की वाट बघावी लागे. आधी ओपनचा आकडा निघे, मग काही तासांनी क्लोजचा. मधल्या वेळात माणूस गिरणीत पाळी करून येई, जेवे, भांडे, झोपे. एकेरी आकडा लागला तर एका रुपयाला नऊ मिळत. आकडे दहा, म्हणजे लावलेल्या शंभरातले सरासरी दहा रुपये धंदा चालवणाऱ्याच्या खिशात. आजचा ऑनलाइन स्लॉट, म्हणजे बटण दाबून चिन्हांची चाकं फिरवायचा जुगार, शंभरातले चारच रुपये ठेवून घेतो असं सांगतो. कागदावर तो मटक्याहून कितीतरी दिलदार. मग त्यात माणूस इतका झटपट रिकामा का होतो, आणि रिकामा होत असताना त्याला बरं का वाटत असतं? याचं उत्तर हवं असेल तर स्लॉटबद्दलच्या काही पक्क्या समजुती आधी मोडाव्या लागतात.

“कधीपासून लागलेलं नाही, म्हणजे आता लागणारच”

ही समजूत स्लॉटपेक्षा जुनी आहे. १८ ऑगस्ट १९१३ ला मोंते कार्लोच्या कॅसिनोत रूलेटचा चेंडू लागोपाठ २६ वेळा काळ्यावर पडला. “आता लाल येणारच” म्हणत लोक प्रत्येक फेरीला जास्त पैसे लावत गेले आणि बुडाले. चेंडूला मागचं काही आठवत नसतं. स्लॉटमध्ये चेंडूच्या जागी एक प्रोग्राम असतो. तो अखंड आकडे पाडत राहतो आणि तुम्ही बटण दाबता त्या क्षणी जो आकडा हाती असेल तो तुमचा. मागच्या दोनशे फेऱ्यांची वही तो ठेवत नाही. स्वप्नातल्या सापावरून आणि पुढच्या टॅक्सीच्या नंबरावरून मटक्याचा आकडा काढणाऱ्यांना आपण हसतो. “यंत्र तापलंय” म्हणणारा त्यांचाच भाऊबंद.

“बरोबर वेळी थांबवलं तर जमतं”, “अगदी थोडक्यात हुकलं”

इथे जरा इतिहासात जावं लागेल, कारण ही समजूत एके काळी इतकी चुकीची नव्हती. १८९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे या मेकॅनिकनं ‘लिबर्टी बेल’ हे यंत्र बनवलं. तीन चाकं आणि पाच चिन्हं: नाल, बदाम, इस्पिक, चौकट आणि घंटा. तीन घंटा एका रेषेत आल्या की सगळ्यात मोठं बक्षीस, ५० सेंट. त्या यंत्रात चाक खरोखर फिरे आणि जिथे थांबे तिथेच निकाल लागे. डोळ्यांना दिसे तेच खरं.

यंत्र बनवणाऱ्यांची अडचण हीच होती. चाकावर २२ जागा असतील आणि प्रत्येक चाकावर जॅकपॉटचं चिन्ह एकदाच असेल, तर तिन्ही जुळण्याची शक्यता १०,६४८ मध्ये एक. त्याहून मोठं बक्षीस ठेवायचं तर चाक मोठं करावं लागे, आणि मोठं चाक बघून गिऱ्हाईक बिचकतं. १९८४ मध्ये इंगे टेल्नेस यांना मिळालेल्या अमेरिकी पेटंटनं हा प्रश्न मिटवला. निकाल संगणकातल्या आकड्यानं ठरवायचा आणि दिसणाऱ्या चाकाला नंतर सांगायचं, अमुक जागी थांब. समजा आतल्या, न दिसणाऱ्या चाकाला ६४ जागा आहेत आणि त्यातली एकच जॅकपॉटची. आता शक्यता २,६२,१४४ मध्ये एक. समोरचं चाक मात्र पूर्वीइतकंच लहान. डोळा बाविसात एक मोजतो, हिशोब चौसष्टात एकचा चालतो.

यातून आणखी एक सोय झाली. न दिसणाऱ्या चाकावरच्या जास्त जागा जॅकपॉटच्या वरच्या आणि खालच्या कोऱ्या घराला देता येतात. मग जॅकपॉटचं चिन्ह रेषेच्या केसभर वर नाहीतर केसभर खाली येऊन वारंवार थांबतं आणि खेळणारा चुकचुकतो. ‘थोडक्यात हुकणं’ हा योगायोग राहिला नाही, ती आखणी झाली. केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अशा हुकण्याचा परिणाम मेंदूच्या स्कॅनद्वारे तपासला. जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतले काही थोडक्यात हुकल्यावरही जागे झाले. गंमत म्हणजे हुकणं लोकांना सरळ हरण्याहून जास्त झोंबलं, तरी चिन्हाची निवड स्वतः केली असली तर पुन्हा खेळावंसंही जास्त वाटलं.

मोबाइलवर तर चाकच नाही. जे फिरताना दिसतं ते चलचित्र आहे, निकाल लागून गेल्यानंतरचं. ‘थांबवा’ बटण दाबून तुम्ही फक्त ते चित्र लवकर संपवता.

“९६ टक्के परत मिळतात”

मिळतात, पण तुम्हाला नव्हे. हा आकडा लक्षावधी फेऱ्यांची सरासरी आहे. आणि तो तुम्ही घेऊन बसलेल्या पैशांवर लागत नाही, लावलेल्या प्रत्येक डावावर लागतो. दहा रुपयांची फेरी, तीन सेकंदांना एक धरा. तासाला १,२०० फेऱ्या, म्हणजे १२,००० रुपयांचे डाव. त्याचे चार टक्के ४८० रुपये. पाचशेची नोट घेऊन बसलात तर सरासरीनं तासाभरात जवळपास सगळी गेली. मटक्यात ओपनला शंभर आणि क्लोजला शंभर लावणारा दिवसाला सरासरी वीस रुपये हरे. टक्का मटक्याचा जबर होता, वेग स्लॉटचा जबर आहे, आणि खिसा वेग रिकामा करतो.

“लोक जिंकण्याच्या आनंदासाठी खेळतात”

माझ्या मते सगळ्यात मोठा गैरसमज हाच. वीस रेषांवर पन्नास पन्नास पैसे लावले, एकूण दहा रुपये. एका रेषेवर तीन रुपये लागले. घंटा वाजते, नाणी खळखळतात, पडदा झळाळतो. गेले सात रुपये, साजरा झाला विजय! कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या माइक डिक्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये खेळणाऱ्यांच्या त्वचेवरचा घाम मोजला, तर शरीर अशा हरण्याला जिंकण्यासारखंच उत्तर देत होतं. पुढच्या प्रयोगांत दिसलं की आवाज चालू असला की आपण किती वेळा जिंकलो याचा अंदाज लोक वाढवून सांगतात.

पण झगमगाटानंही पुरतं उत्तर मिळत नाही. नताशा डाउ शुल या मानववंशशास्त्रज्ञांनी लास वेगासमध्ये वर्षानुवर्षं यंत्रांपुढे बसणाऱ्यांशी बोलून २०१२ मध्ये ‘अ‍ॅडिक्शन बाय डिझाइन’ हे पुस्तक लिहिलं. मुरलेले खेळाडू त्यांना सांगत, आम्ही जिंकायला खेळत नाही, खेळत राहायला खेळतो. घड्याळ, घर, देणी, स्वतःचं शरीर, सगळं विरून जातं अशा एका अवस्थेला ते ‘झोन’ म्हणत. मोठं बक्षीस लागून खेळ थांबला तर काहींची चिडचिड होई. मला हे वाचताना कधी विणकाम करणाऱ्या बायका आठवतात, कधी जपमाळ ओढणारे हात. समाधान त्या लयीत आहे: छोटं काम, लगेच उत्तर, पुन्हा छोटं काम. फरक इतकाच की विणकामाच्या शेवटी हातात स्वेटर राहतो.

बक्षीस केव्हा मिळेल हे कळत नसेल तर प्राणी कळ दाबतच राहतो, हे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर दाखवलं होतं, आणि उदाहरण म्हणून ते स्वतःच स्लॉट यंत्राचा दाखला देत. तेव्हा “आहारी जाणारे लोभी किंवा बुद्दू असतात” हीही समजूत सोडून द्यावी. कबुतराला कुठला लोभ!

ब्रिटनच्या जुगार आयोगाला मात्र हे लयीचं गणित नीट उमगलेलं दिसतं. ऑक्टोबर २०२१ पासून तिथल्या ऑनलाइन स्लॉटमध्ये एक फेरी अडीच सेकंदांहून लवकर संपवता येत नाही. आपोआप फिरत राहणं बंद, आणि लावल्याहून कमी मिळालं तर विजयाचा जल्लोषही बंद. २०२५ पासून एका फेरीला पाच पौंडांची मर्यादा आहे, २५ वर्षांखालच्यांना दोन. नियमांनी नशिबाला हात लावलेला नाही, लयीला लावला आहे.

आपल्याकडे गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोच्या बोटीत जायचं तर निदान पणजी गाठावी लागते, मोबाइल उशाशीच असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. म्हणून घरात कुणी रात्री पांघरुणात पडदा झाकून बसत असेल, तर त्याला आधी एवढं सांगा की या कायद्याखाली त्यानं गुन्हा केलेला नाही. आणि ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर त्याच्या हाती द्या. फोन फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.