छोटी रमा, मोठी रमा आणि आपण सगळे

२०१२ साली आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये दोनच विषय चालायचे. एक अप्रेझल आणि दुसरा रमा. अप्रेझलवर बोलताना आवाज खाली यायचा, रमावर बोलताना वर जायचा. डब्याचं झाकण उघडायच्या आत कुणीतरी विचारायचंच, 'काल बघितलंस?' आणि विचारणारे कोण, तर 'मालिका-बिलिका आम्ही नाही बघत बुवा' असं छातीठोकपणे सांगणारे! 'आई लावते ना, म्हणून येता-जाता नजर जाते' हा त्यांचा ठरलेला खुलासा. येता-जाता नजर जाणाऱ्यांना आदल्या रात्रीचा अख्खा एपिसोड संवादासकट पाठ कसा, हे आम्ही कधी विचारलं नाही. कारण आमचीही नजर येता-जाताच जात होती.

तर मंडळी, ही मालिका म्हणजे झी मराठीवरची 'उंच माझा झोका'. मार्च २०१२ मध्ये सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली. दिग्दर्शक वीरेन प्रधान. गोष्ट रमाबाई आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची. शाळेत इतिहासाच्या पुस्तकातला रानड्यांचा पगडीवाला फोटो बघून ज्यांनी खुशाल पान उलटलं होतं, ते सगळे आता रोज रात्री त्यांच्या वाड्यात मुक्कामाला. छोट्या रमाच्या भूमिकेत तेजश्री वालावलकर, मोठ्या रमाच्या भूमिकेत स्पृहा जोशी आणि रानड्यांच्या भूमिकेत विक्रम गायकवाड.

प्रेक्षकांचे सरळ गटच पडले होते. पहिला आणि सगळ्यात मोठा गट 'कित्ती गोड गं!' वाल्यांचा. तेजश्रीने नऊवारी नेसून, डोळे मोठ्ठे करून एक प्रश्न विचारला की समस्त आई-मावशी-काकूवर्ग विरघळलाच. त्यांच्यासाठी मालिका म्हणजे ही पोरगी. बाकीचे असले काय, नसले काय!

दुसरा गट 'नथ-पोलिसां'चा. यांना अभिनयाशी देणंघेणं नाही. त्या काळात अशी नथ होती का, पदर असाच घ्यायचे का, हा शब्द तेव्हा कुणी वापरेल का, समई की चिमणी, यावर यांची करडी नजर. माझ्या एका मित्राचे बाबा मालिका बघताना शेजारी वही घेऊन बसायचे. चुका लिहून काढायला! ती वही कुणाला पाठवली की नाही, देव जाणे. पण एकही भाग चुकवला नाही त्यांनी.

आणि तिसरा गट आमच्याच कँटीनमधला. 'असा नवरा पाहिजे' गट.

इथे जरा थांबू या. कारण खरी गंमत, आणि खरी गोची, इथे आहे. पंचवीस-सव्वीसच्या, स्वतःच्या पगारावर घराचे हप्ते भरणाऱ्या, लग्नाच्या साइटवर 'नॉट इंटरेस्टेड'वर पटापटा क्लिक करणाऱ्या मुली रानड्यांवर फिदा होत्या. का? तर तो कोर्टातून दमून येतो आणि बायकोला शिकवायला बसतो. चिडत नाही. घरातल्या बायका तिच्यावर तुटून पडल्या तरी शिकवणं सोडत नाही. 'माझा साधं एक्सेल शिकवताना ओरडतो,' असं एकीने म्हटलं आणि सगळं टेबल हसलं. मीही हसले. ती जिला शिकवतोय तिचं वय काय, हे त्या टेबलावर कुणालाच आठवत नव्हतं.

वय होतं अकरा. रानड्यांचं एकतीस. लग्न झालं १८७३ साली.

आणि ते लग्न झालं कसं, हेही मालिकेच्या गोडव्यात विसरायला होतं. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पहिली पत्नी गेल्यावर ते आता विधवेशीच लग्न करणार, अशी सुधारक मित्रांची अपेक्षा आणि वडिलांची धास्ती. मग वडिलांनीच घाईघाईने देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची मुलगी बघितली आणि लग्न उरकलं. रानड्यांना नको होतं, पण वडिलांचा शब्द मोडता आला नाही. मित्रांनी पुढे त्यांना यावरून बोल लावला तो काही उगाच नाही. १८९१ मध्ये संमतिवयाचं बिल आलं, त्याला रानड्यांचा पाठिंबा होता. त्या कायद्याने वय किती झालं? दहाचं बारा! ज्याच्या हातून हे लग्न झालं तोच माणूस पुढे आयुष्यभर त्या बाईच्या शिक्षणासाठी घरात वाईटपणा घेत राहिला. दोन्ही खरं. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

म्हणूनच मला वाटतं, सगळ्यात कठीण पेपर विक्रम गायकवाडला आला होता आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली. विचार करा, एका मोठ्या माणसाने लहान मुलीच्या नवऱ्याचं काम करायचंय, रोज, घरोघरी सगळे एकत्र जेवायला बसले असताना. एक नजर चुकली, एक हसू जास्त झालं, तर लोक चॅनेल बदलतील. त्याने काय केलं, तर नवरा बाजूलाच ठेवला आणि मास्तर उभा केला. आवाज खालच्या पट्टीत, हालचाली मोजक्या, आणि रमाकडे बघताना कौतुकापेक्षा जबाबदारी जास्त. 'फार संथ बोलतो,' 'चेहऱ्यावर काही हलतच नाही,' अशी तक्रार मी खूप ऐकली. पण तो जरा जरी हलला असता ना, तरी आपल्याला ती मालिका बघवली नसती. अर्थात, त्याचं काम इतकं जमलं की जे बघवायला नको होतं तेही आपण आरामात बघितलं. हा त्याचा दोष म्हणायचा की आपला?

मग आली ती बातमी. रमा मोठी होणार! कँटीनमध्ये अक्षरशः सुतकी वातावरण. छोटीला काढू नका, मोठी नको, आता मालिकेत राहिलं काय, वगैरे वगैरे. स्पृहा जोशीबद्दल आकस नव्हता कुणाचा. 'अग्निहोत्र'मधली उमा सगळ्यांना आवडलीच होती. पण ती आली आणि पहिले काही दिवस लोक तिला अभिनेत्री म्हणून बघतच नव्हते, छोटीची जागा बळकावणारी म्हणून बघत होते. हा फंडा काही नवा नाही. 'बालिका वधू'मध्ये अविका गोरची आनंदी मोठी झाली तेव्हाही हेच झालं होतं. बालविवाहावर बोट ठेवायला निघालेली मालिका, आणि प्रेक्षकांचा हट्ट काय, तर बालिका बालिकाच राहू दे!

चेहरा एकदा डोळ्यांत बसला की बसला. 'स्वामी' बघितलेल्या पिढीला विचारा. दूरदर्शनवर मृणाल देव आणि रवींद्र मंकणी यांना रमा-माधव म्हणून बघितलेल्यांना पुढे दुसरे कुणी चालेनात. मृणाल कुलकर्णींनी स्वतः २०१४ मध्ये 'रमा माधव' चित्रपट काढला, पर्ण पेठे आणि आलोक राजवाडे यांना घेऊन. तरी माझी मावशी थिएटरातून बाहेर पडताना म्हणालीच, 'छान आहे गं, पण आमची रमा वेगळी.' अहो मावशी, तुमच्या रमानेच तर काढलाय!

स्पृहाने मात्र घाई केली नाही, हे आज जुन्या क्लिप बघताना जाणवतं. तिने छोटीची नक्कल केली नाही. तिची रमा बोलण्याआधी क्षणभर थांबते, समोरच्याचा अंदाज घेते. घरात शिकायचं म्हणून बोलणी खाल्लेल्या बाईला ही सवय लागणारच. खऱ्या रमाबाईंनी इंग्रजी शिकायला घेतल्यावर घरातल्या बायकांनी काय काय ऐकवलं, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचं पुस्तक १९१० सालचं. पुस्तकाच्या नावात 'आमच्या' आहे, 'माझ्या' नाही, हे वाचताना लक्षात ठेवा. १९०१ मध्ये रानडे गेले. त्यानंतर १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं त्यात रमाबाई पुढे होत्या. म्हणजे ज्या बाईने एवढं काम केलं ती मोठी रमा. आणि आपल्याला हवी होती ती पाटी घेऊन बसलेली.

एक कडू घोट इथेच घेते. २०२० मध्ये सोनी मराठीवर 'सावित्रीजोती' आली. सावित्रीबाईंच्या भूमिकेत अश्विनी कासार, जोतिबांच्या भूमिकेत ओंकार गोवर्धन. दोघांचं काम नेटकं. ती त्याच वर्षी डिसेंबरात आटोपली आणि मग हळहळ व्यक्त करणाऱ्यांची रांग लागली. त्या रांगेत मीही होते. एपिसोड किती बघितले होते, हे कृपया विचारू नका.

आता आजीचं सांगते. माझी आजी तेव्हा ऐंशीची. तिचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, तेही कायद्याने चौदा लागत होती म्हणून तेवढे दिवस थांबले होते. आम्ही सगळे 'गोड गं' करत बसलेलो असायचो आणि ती कोपऱ्यातल्या खुर्चीत, हातात वाती. कधीच काही बोलायची नाही. आम्हाला वाटायचं, ऐकू कमी येतं, कळत नसेल.

एकदा रात्रीचा अभ्यासाचा प्रसंग चालू होता. दिवा, पाटी, समोर रानडे. आई म्हणाली, 'किती प्रेमाने शिकवतोय बघा.' आजी वाती वळता वळता म्हणाली, 'तिला झोप येत असेल गं. दिवसभर राबली असेल पोर.'

कुणीच काही बोललं नाही. जाहिराती लागल्या.

काही महिन्यांनी स्पृहाचा पहिला भाग लागला. आम्ही तोंडं पाडून बसलो होतो. मी तर उठून आत निघाले होते, मोबाइल चार्जिंगला लावायच्या निमित्ताने. आजीने नेहमीची खुर्ची टीव्हीजवळ ओढायला लावली, चष्मा पदराला पुसला आणि पडद्यावरच्या रमाकडे नीट बघून घेतलं.

'बरं झालं बाई, मोठी झाली एकदाची,' ती म्हणाली. 'आवाज वाढव गं जरा.'