‘होय’ म्हणण्याच्या दोन रीती

परक्या समाजाची ओळख करून घेताना आपण त्याचा इतिहास वाचतो, नकाशा पाहतो, राज्यपद्धती अभ्यासतो. परंतु तिथली माणसे ‘होय’ कसे म्हणतात, पाहुण्याला घरात कसे घेतात, भेटवस्तू कशी देतात, याकडे सहसा आपले लक्ष जात नाही. वस्तुतः समाजाची मूल्ये अशा बारीकसारीक गोष्टींतच वावरत असतात. या दृष्टीने बाल्कन द्वीपकल्पातला बल्गेरियन आणि पूर्व आशियातला जपानी, या दोन समाजांची तुलना मला फार उद्बोधक वाटते.

प्रथम ‘होय-नाही’च घेऊ. बल्गेरियन मनुष्य ‘होय’ म्हणताना मान आडवी हलवतो आणि ‘नाही’ म्हणताना ती वर झटकतो. आपल्याकडेही होकारासाठी मान डोलावतात, त्यामुळे आपल्याला याचे फारसे नवल वाटणार नाही. पश्चिम युरोपातला प्रवासी मात्र हमखास फसतो. त्यातून परकीयाची सोय म्हणून काही जण मुद्दाम उलटी खूण करतात आणि घोटाळा दुप्पट होतो!

जपानी संभाषणात ऐकणारा वरचेवर ‘हाइ’ म्हणतो. कोशात त्याचा अर्थ ‘होय’ असा असला, तरी पुष्कळदा त्याला एवढेच सांगायचे असते, की ‘मी ऐकतो आहे’. नकार द्यायचा असेल तेव्हा तो ‘चोत्तो...’ म्हणजे ‘जरासे...’ एवढेच उच्चारून वाक्य अर्धवट सोडतो. पुढचे समोरच्याने ओळखावे, ही अपेक्षा. म्हणजे बल्गेरियनाची खूण उलटी, पण अर्थ सरळ. जपानी माणसाचा शब्द सरळ, पण अर्थ शोधावा लागतो.

हाच फरक आतिथ्यातही दिसतो. बल्गेरियात वाढदिवसाइतकेच महत्त्व नामदिनाला असते. ६ डिसेंबरला संत निकोलसचा सण येतो. त्या दिवशी निकोला, निकोलाय अशा नावाच्या माणसाकडे आप्तेष्टांनी जायचे, तेही रूढीप्रमाणे आमंत्रणाची वाट न पाहता. यजमानाने दार उघडे ठेवायचे आणि मासे रांधायचे. मानाच्या पाहुण्याचे स्वागत पाव आणि मीठ पुढे करून होते. मद्याचा पेला उंचावताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचे. नजर चुकवणे हा अनादर.

जपानी घरी न कळवता जाणे प्रशस्त मानत नाहीत. पाहुणा सुबक वेष्टनातली भेट आणतो आणि ‘ही अगदी क्षुल्लक वस्तू आहे’ असे म्हणून ती देतो. यजमानही जुन्या शिष्टाचाराप्रमाणे ती त्याच्यासमोर उघडत नाही, कारण पसंती-नापसंती चेहऱ्यावर उमटून कोणाला अवघड वाटायला नको. आपला पेला आपण भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा. आपला तो भरतो. दुसऱ्याला आपला उपद्रव होऊ नये, ही जाणीव तिथे बालपणापासून रुजवली जाते. २०१७ साली तोक्योजवळच्या एका स्थानकातून गाडी २० सेकंद लवकर सुटली, म्हणून रेल्वे कंपनीने जाहीर क्षमा मागितली होती.

या भेदांची कारणे काय असावीत? बल्गेरिया सुमारे पाच शतके, १८७८ पर्यंत, उस्मानी सत्तेखाली होता. पुढे १९४४ ते १९८९ कम्युनिस्ट राजवट आली. अशा काळात सरकारपेक्षा घर, नातलग आणि शेजारी हाच माणसाचा आधार ठरला असल्यास नवल नाही. उलट जपानी खेड्यातील भातशेतीला पाण्याची सामाईक वाटणी अपरिहार्य होती. एकाशी बिघडले की साऱ्या गावाशी बिघडे. नियम मोडणाऱ्यावर गाव बहिष्कार घाली आणि आग व अंत्यविधी हे दोन प्रसंग सोडून त्याच्या मदतीला जात नसे. तिथे तोंडावर नकार देणे किती महाग पडत असेल, याची कल्पना करावी.

तरी साम्येही थोडी नाहीत. दोन्हीकडे घरात शिरताना जोडे काढतात. बल्गेरियात आनंदप्रसंगी फुले विषम संख्येने देतात, सम संख्या मृतांसाठी. जपानात लग्नाचा आहेर विषम आकड्यात देण्याचा प्रघात आहे. १ मार्चला बल्गेरियन लोक ‘बाबा मार्ता’च्या नावाने लाल-पांढऱ्या धाग्यांची मार्तेनित्सा बांधतात (त्यांच्या भाषेत ‘बाबा’ म्हणजे आजी बरे का!) आणि मोहरलेले झाड दिसले की ती त्याच्या फांदीला अडकवतात. जपानी कुटुंबे फुललेल्या चेरीखाली चटई अंथरून बसतात.

शिवाय ही मूल्ये रक्तातून येत नाहीत, ती शिकता येतात. कालोयान महल्यानोव हा बल्गेरियन तरुण ‘कोतोओशू’ या नावाने सुमो कुस्ती खेळला. विजयाचा जल्लोष आखाड्यात करणे तिथे अशिष्ट समजतात. ते वळण अंगी बाणवून २००८ साली सर्वोच्च श्रेणीची स्पर्धा जिंकणारा तो पहिला युरोपीय मल्ल ठरला. २०१४ मध्ये त्याने जपानी नागरिकत्व घेतले.

बल्गेरियन आडदांड आणि जपानी कृत्रिम, असे शेरे मारणे सोपे आहे. पण एक मन मोकळे करून दुसऱ्याचा मान राखतो, दुसरा मन आवरून. आपली खूण हीच जगाची खूण मानणाऱ्याला यातला एकही आदर दिसणार नाही. ज्या महाविद्यालयात दोन भाषांचे विद्यार्थी एकाच बाकावर बसतात, तिथे ही गोष्ट सोफिया-तोक्योपुरती दूरची राहत नाही. शेजाऱ्याची मान हललेली दिसली, तर ती कोणत्या अर्थाने हलली हे त्यालाच विचारावे.