नक्कल आणि रुजुवात : कृत्रिम बुद्धि, शिक्षण व नोकरी

कृत्रिम बुद्धि या नांवानें जें नवें यंत्रशास्त्र अलीकडे प्रसिद्धीस आलें आहे, त्याची चर्चा आतां केवळ शहरांतच होते असें राहिलेलें नाहीं. अमेरिकेंतील ओपनएआय या कंपनीनें ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं चॅटजीपीटी हें संभाषण करणारें यंत्र सर्वांस खुलें केलें, आणि आतां मोबाईलवर मराठींत प्रश्न घालावा व मराठींतच उत्तर मिळावें इतकी सोय झाली आहे. वाचकांपैकीं पुष्कळांचा समज असा दिसतो कीं, या यंत्राचा शेतकऱ्याशीं जो संबंध येईल तो पीकसल्ल्यापुरताच. मला तसें वाटत नाहीं. आपल्या घरांतून एक मुलगा शेतावर राहतो व दुसरा शिकून नोकरीस लागतो, ही रीत दोन पिढ्यांची आहे. या दुसऱ्याच्या शिक्षणापायीं उसाचें बिल संपतें, कधीं जमिनीवर बोजाही चढतो. ज्या नोकरीच्या आशेवर हा खर्च होतो तिचेंच स्वरूप पालटूं लागलें असेल, तर त्याचा विचार जमीनधारकानें वेळींच केला पाहिजे.

हें यंत्र करतें काय, तें थोडक्यांत सांगतों. त्यास अफाट मजकूर वाचावयास दिलेला असतो, आणि एका शब्दापुढें कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हें तें त्या वाचनावरून ताडतें. त्यामुळें त्याची भाषा सफाईदार असते. परंतु खरें सांगतांना जी सफाई, तीच खोटें सांगतांनाही असते. कचेरीच्या भाषेंत बोलावयाचें तर हा नक्कल करण्यांत पटाईत असा कारकून आहे, पण त्याच्या कामाची रुजुवात झालेली नसते.

ज्यांनीं तहसील कचेरींतून जुन्या फेरफाराची नक्कल काढली असेल त्यांस आठवत असेल कीं, हातानें लिहिलेल्या नकलेखालीं दोन सह्या असत. एक नक्कल करणाऱ्याची व दुसरी रुजुवात घेणाऱ्याची. पहिल्यानें लिहावें, आणि दुसऱ्यानें मूळ कागद समोर ठेवून प्रत्येक शब्द व आंकडा ताडून पाहावा. नव्या कारकुनास आरंभीं नकलेवर व आवक-जावक नोंदवहीवर बसवीत. काम कंटाळवाणें, आणि त्यांत कांहीं शिक्षण आहे असें कोणी म्हणत नसे. तथापि शेंकडों फेरफार उतरून काढतां काढतां वारसाची नोंद कशी होते, खरेदीखतावरून नांव कसें चढतें, वाटप कसें लिहावें, सोसायटीचा बोजा इतर हक्कांत कोठें येतो, हें सारें नकळत अंगीं मुरत असे. ०.४० हेक्टरच्या जागीं ०.०४ पडलें कीं एकराचे चार गुंठे होतात. ती चूक मुरलेल्या डोळ्यास ताबडतोब खटके, नवख्यास खटकत नसे. नकलेच्या टेबलावर जो बसला नाहीं त्याच्या हातीं रुजुवातीचें काम देण्यास वरिष्ठ कचरत, तें याचमुळें.

पुढें सात-बारा संगणकावर गेला. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळूं लागला, आणि पूर्वीचे हेलपाटे वांचले, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु त्यापूर्वीं, २०१७ सालीं, गांवोगांव चावडीवाचन करून संगणकांतील उतारा हस्तलिखिताशीं ताडावा लागला, व लेखनदोष जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५५ खालीं दुरुस्त करावे लागले. जुना कागद वाचतां येणारा तलाठी आणि आपल्या बांधाची माहिती असलेला खातेदार, अशा दोघांशिवाय हें काम होण्यासारखें नव्हतें. यंत्रास आपली चूक आपण दिसली नाहीं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें ऑगस्ट २०२३ मध्यें या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. सर्व व्यवसायांत कारकुनी कामास या यंत्राचा स्पर्श सर्वांत अधिक होईल, असा त्याचा निष्कर्ष आहे. कारकुनाच्या कामांतील शेंकडा २४ बाबी यंत्राच्या फार आटोक्यांत येणाऱ्या व आणखी ५८ मध्यम प्रमाणांत येणाऱ्या आहेत, असें तो सांगतो. बहुतेक नोकऱ्या नाहींशा होण्यापेक्षां बदलतील, असेंही त्यांत म्हटलें आहे, व तें खरें असावें. माझी चिंता निराळी आहे. पत्राचा मसुदा करणें, तक्ते भरणें, लांब अहवालाचा गोषवारा काढणें, संगणकाच्या धंद्यांत किरकोळ आज्ञावली लिहिणें, हीं नवशिक्याचीं कामें. तींच यंत्र प्रथम उचलतें. ज्यास रुजुवात घेतां येते असा जुना माणूस मालक ठेवील आणि नक्कल यंत्राकडून करून घेईल. आपला मुलगा पदवी घेऊन दाराशीं उभा राहील तेव्हां त्यास शिडीची खालची पायरी कोठें सांपडावी? आणि आजचे जुने लोक निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागीं बसावयास माणूस कोठून यावा? याचें उत्तर मालकवर्गाकडून अद्याप ऐकूं येत नाहीं.

शाळेंतही हीच गोष्ट घडते, आणि तिचा एक चांगला पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२३ सालीं तुर्कस्तानांतील एका हायस्कुलांत सुमारें एक हजार विद्यार्थ्यांना घेऊन गणिताचा प्रयोग केला. कांहीं मुलांस सरावाचे वेळीं नेहमींचें उत्तर देणारें यंत्र दिलें, कांहींस नुसतीं वहीपुस्तकें. यंत्रवाल्यांनीं सरावांत शेंकडा ४८ अधिक यश मिळविलें. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हां तींच मुलें वहीपुस्तकवाल्यांपेक्षां शेंकडा १७ मागें पडलीं. तिसऱ्या गटास जें यंत्र दिलें होतें तें शिक्षकांच्या सल्ल्यानें बांधलेलें होतें. तें उत्तर न देतां केवळ पुढच्या पायरीची सूचना देई. या गटाचें सरावांतील यश शेंकडा १२७ नें वाढलें आणि परीक्षेंत तोटाही दिसला नाहीं. (मात्र परीक्षेंत विशेष फायदाही दिसला नाहीं, हें सांगितलेलें बरें.) पालकानें हे आंकडे लक्षांत ठेवावेत. मुलाची वही आजकाल फार स्वच्छ दिसते, एवढ्यावर त्याची प्रगति ठरवूं नये.

याचा अर्थ मुलांच्या हातून मोबाईल काढून घ्यावा असा मुळींच नाहीं. ज्या गांवीं इंग्रजीचा अगर गणिताचा चांगला मास्तर मिळत नाहीं, तेथील मुलीस तोच प्रश्न दहा वेळां न लाजतां विचारतां येतो, ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांस लिहितां वाचतां येत नाहीं अशा वडीलधाऱ्या मंडळींसही बोलून प्रश्न करतां येतो. शेतीच्या कामींही उपयोग आहेच. बारामती येथील कृषि विकास ट्रस्टनें उसावर २०२४ पासून उपग्रह, हवामानयंत्र व जमिनींतील ओलावा मोजणारीं साधनें यांची सांगड घालून असा प्रयोग चालविला, आणि जून २०२५ मध्यें राज्य सरकारनें शेतींतील कृत्रिम बुद्धीचें धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठीं ५०० कोटि रुपयांची तरतूद ठरविली.

परंतु शेतांतही रुजुवात आपलीच. पानाच्या छायाचित्रावरून यंत्र रोगाचें नांव सांगेल. पान उलटें करून कीड आहे कीं नाहीं हें बांधावरच्या माणसानेंच पाहावयाचें, कारण फवारणीचा खर्च त्याच्या खात्यावर पडतो, यंत्राच्या नव्हे. शिवाय यंत्राच्या हिशेबाचें मूळ आपल्याच नोंदींत आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणींत पिकाची नोंद खातेदार स्वतः करूं लागला. तूर व सोयाबीन मिश्र असतां एकट्या सोयाबीनचें नांव लिहून मोकळें व्हावें, अशी घाई जो करील, त्याच्या गांवच्या पेऱ्याचा अंदाज कितीही हुशार यंत्रानें बांधला तरी तो चुकणारच.

तेव्हां शाळेच्या व्यवस्थापन समितींत जे सभासद बसतात त्यांनीं शिक्षकांस एवढेंच विचारावें कीं, मुलें यंत्राचें उत्तर तपासतात कीं नुसतें उतरून घेतात? घरीं तर परीक्षा पाहणें फारच सोपें आहे. युरियांत नत्र शेंकडा ४६. हेक्टरीं ५० किलो नत्र द्यावयाचें तर युरिया किती लागेल व ४५ किलोच्या गोण्या किती होतील, हें मुलास प्रथम कागदावर काढावयास सांगावें. सुमारें १०९ किलो, म्हणजे अडीच गोण्यांस थोडें कमी, असें उत्तर आलें पाहिजे. मग तोच प्रश्न त्यानें यंत्रास घालावा, आणि दोन्ही उत्तरें जुळलीं नाहींत तर चूक कोणत्या पायरीवर झाली तें त्यानेंच शोधून वडिलांस दाखवावें.