काळी विंडो पुसली, पण पासवर्ड गेला का?



समजा, हिंगणघाटात तुम्ही कापसाच्या वाती आणि गाद्या ऑनलाईन विकायला सुरुवात केलीय. वेबसाईटवाल्याने सांगितलं म्हणून कमांडच्या काळ्या विंडोत सर्व्हरचा पासवर्ड टाकला. काम झालं. आता त्याच कॉम्प्युटरवर दुकानातला मुलगा बिलं काढायला बसणार. स्क्रीन पुसली की झालं, असं वाटतं ना? तिथेच फसतो आपण.

पाटी पुसली तरी रोजमेळात नोंद उरते, तसंच हे आहे. मजकूर दोन जागी राहतो: वर सरकवल्यावर दिसतो तो स्क्रोलबॅक आणि टाईप केलेल्या कमांडची हिस्टरी. दोन्ही वेगवेगळं साफ करावं लागतं. (कमांड इंग्रजी अक्षरांतच टाईप करा, इथे फक्त उच्चार दिलाय.)

विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट: 'सीएलएस' लिहून एंटर दाबा. स्क्रीन आणि वरचा मजकूर जातो. पण वरच्या बाणाचं बटण दाबलं की जुनी कमांड परत हजर! ती विंडो बंद केल्यावर जाते.

पॉवरशेल: इथे जास्त सावध राहा. कमांड एका टेक्स्ट फाईलमध्ये साठतात, म्हणून विंडो बंद करूनही उरतात. 'कन्सोलहोस्ट हिस्टरी' नावाची ती फाईल नोटपॅडमध्ये उघडून पासवर्डची ओळ काढा.

लिनक्स सर्व्हर: कंट्रोल आणि एल दाबलं तर फक्त समोरची स्क्रीन रिकामी होते. 'क्लिअर' कमांडने बऱ्याच टर्मिनलमध्ये स्क्रोलबॅकही जातो. एकदा वर सरकवून खात्री करा. बॅश शेल असेल तर सर्व्हरच्या बाकीच्या विंडो बंद करून 'हिस्टरी -सी' आणि मग 'हिस्टरी -डब्ल्यू' द्या. पहिली यादी पुसते, दुसरी ती रिकामी यादी फाईलवर लिहिते. सगळीच जुनी हिस्टरी जाईल, हे लक्षात ठेवा.

सगळ्यात चांगलं म्हणजे पासवर्ड कमांडच्या ओळीत लिहायचाच नाही. मायएसक्यूएलमध्ये '-पी' एवढंच लिहून सोडा. ते विचारेल तेव्हा पासवर्ड टाका. अक्षरं दिसत नाहीत, हिस्टरीतही जात नाहीत.

आणि कुणी पासवर्ड पाहिल्याची शंका आली, तर पुसत बसू नका, आधी तो बदला. तुमच्या भरवशावर गिऱ्हाईक नाव, पत्ता, फोन नंबर देतं. तो भरवसा हेच खरं भांडवल!