एका भूखंडावर शंभर घरे

नागपूरच्या वर्धा मार्गावरून मेट्रोने जाताना खिडकीतून खाली पाहिले, तर दोन निराळ्या काळांतील घरे शेजारी शेजारी उभी असलेली दिसतात. एकीकडे जुन्या ले-आउटमधील बैठी घरे असतात. त्यांच्याभोवती कुंपणाची भिंत, दारात कडुनिंब किंवा आंबा, आणि खिडकीला बसविलेला कूलर. त्यांच्या पलीकडेच दहा-पंधरा मजल्यांच्या इमारती वर चढत असतात. जेथे काल दोन-चार कुटुंबे राहत होती, तेथे आज चाळीस-पन्नास कुटुंबे राहावयास येत आहेत. नागपुरात जमीन संपली काय? तसे मुळीच नाही. शहराची वेस ओलांडली की शेते लागतात. मग इतकी माणसे रुळांजवळच, आणि तीही एकमेकांच्या डोक्यावर, राहू का पाहतात?

वाहन जेथे थांबते तेथे वस्ती जमते, ही गोष्ट नवी नाही. १८६७ मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग नागपुरास पोहोचला. पुढे दहा वर्षांतच जमशेटजी टाटा यांनी येथे कापडाची गिरणी काढली. वऱ्हाड-नागपूरचा कापूस जवळ होता आणि माल नेण्यास आगगाडी होती. म्हणून त्यांनी रेल्वे स्थानकानजीकची दलदलीची जागा निवडली व ती भरून काढण्यास आरंभ केला. तेव्हा गावातील एका सावकाराने त्यांस कर्ज देण्याचे नाकारले. हा मनुष्य जमिनीत सोने पुरत आहे, असे त्याचे म्हणणे पडले. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली व तिचे नाव ‘एम्प्रेस मिल’ असे ठेवण्यात आले. काही वर्षांनी त्याच सावकाराने मोकळ्या मनाने कबूल केले, की टाटांनी जमिनीत माती टाकली आणि सोने काढले. गिरणीच्या आसपास कामगारांच्या वस्त्या वाढल्या. आता ती गिरणी राहिलेली नाही. तिच्या जागेवर मोठे बाजारसंकुल आणि उंच निवासी इमारती उभ्या आहेत. गिरणी गेली, पण स्थानकाजवळच्या जमिनीची किंमत काही गेली नाही.

शहर दोन रीतींनी वाढू शकते: आडवे अथवा उभे. नागपूर पुष्कळ वर्षे आडवेच वाढले. १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासाने नवनव्या ले-आउट पाडल्या, रस्ते आखले, भूखंड वाटले. लोकांनी ऐसपैस घरे बांधली. परंतु शहर आडवे पसरले म्हणजे शाळा, कचेरी, दवाखाना, बाजार ही सारी दूर दूर जातात. मग प्रत्येकास वाहन लागते. नागपूरकरास दुचाकी इतकी प्रिय, की कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री-पोहे खाण्यासही तो तिच्यावर बसूनच जातो!

या पसरलेल्या शहरात मेट्रो आली. तिची कोनशिला २१ ऑगस्ट २०१४ रोजी बसविण्यात आली, मार्च २०१९ मध्ये पहिले प्रवासी तिच्यात बसले, आणि ११ डिसेंबर २०२२ पर्यंत तिच्या चारही भुजा पूर्ण झाल्या. दक्षिणेस खापरी, उत्तरेस ऑटोमोटिव्ह चौक, पूर्वेस प्रजापतीनगर आणि पश्चिमेस लोकमान्यनगर, असे तिचे चार शेवट असून सीताबर्डी येथे दोन्ही मार्ग एकमेकांस छेदतात. सर्व मिळून मार्ग सुमारे ४० किलोमीटरांचा आहे. पण गाडीत दहा माणसे बसोत की पाचशे बसोत, तिला वीज लागतेच आणि रूळ राखावेच लागतात. गाडी भरण्यासाठी स्थानकाजवळ माणसे राहिली पाहिजेत. हाँगकाँग येथील रेल्वे कंपनी तर आपल्या स्थानकांवर व आगारांवर उंच इमारती बांधवून घेते, आणि त्यांतून मिळालेल्या पैशावर नवे रूळ टाकते.

महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये नागपूरसाठी असाच विचार करून एक नियम केला. तो समजण्यासाठी आधी एका मजेदार शब्दाची ओळख करून घेतली पाहिजे. तो शब्द म्हणजे ‘चटई क्षेत्र निर्देशांक’. बोलताना लोक त्यास ‘एफएसआय’ म्हणतात, परंतु मराठी नाव अधिक बोलके आहे. इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत चटया अंथरल्या आहेत, अशी कल्पना करा. त्या सर्व चटयांचे क्षेत्रफळ मिळवा आणि त्यास भूखंडाच्या क्षेत्रफळाने भागा. जो भागाकार येईल तो चटई क्षेत्र निर्देशांक.

समजा, एक भूखंड २,००० चौरस मीटरांचा आहे. निर्देशांक एक असेल, तर त्यावर २,००० चौरस मीटर चटई पसरता येईल. एका घरास ८० चौरस मीटर धरले, तर २५ घरे होतील. निर्देशांक चार झाला, की चटई ८,००० चौरस मीटर होईल आणि घरे होतील १००. जमीन मात्र तेवढीच राहिली! या इमारतीने भूखंडाचा फक्त चौथा भाग, म्हणजे ५०० चौरस मीटर, व्यापावयाचा असेल तर तिला सोळा मजले चढवावे लागतील आणि तीन भाग जमीन मोकळी राहील. इमारत बसकी केली तर मजले कमी होतील, पण अंगण नाहीसे होईल. उंच इमारत पाहून पुष्कळांना गर्दीची भीती वाटते. तथापि किती माणसे राहतात आणि ती किती दाटीने राहतात, हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत.

नागपूरचा नियम असा आहे, की मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंस ५०० मीटरांच्या पट्ट्यात, रस्ता पुरेसा रुंद व भूखंड पुरेसा मोठा असल्यास, हा निर्देशांक चारपर्यंत वाढवून घेता येतो. वाढीव चटई फुकट मिळत नाही. तिच्याबद्दल अधिमूल्य भरावे लागते. आता ५०० मीटरच का? कारण तेवढे अंतर मनुष्य सहा-सात मिनिटांत पायी चालू शकतो. पण येथे एक गंमत आहे. पट्टा मोजला आहे तो मार्गापासून, स्थानकापासून नव्हे. दोन स्थानके एक किलोमीटर अंतरावर असली आणि एखादे घर त्यांच्या बरोबर मध्ये, मार्गापासून ५०० मीटर आत असले, तर पायथागोरसाच्या सिद्धान्ताने ते जवळच्या स्थानकापासून सुमारे ७०७ मीटर दूर पडते. तेही सरळ रेषेत! गल्लीबोळांतून ते अंतर आणखी वाढते. शिवाय नकाशावरच्या अंतरास ऊन लागत नाही. मे महिन्याच्या अखेरीस नवतपा सुरू झाला आणि पारा पंचेचाळीस अंशांवर गेला, म्हणजे नागपुरात ५०० मीटर चालणे ही लहान गोष्ट राहत नाही. वाटेवर झाडांची सावली नसेल तर स्थानकाशेजारी राहणारा मनुष्यही मोटार काढील, आणि एवढी उंच इमारत बांधण्याचा मूळ हेतूच फसेल.

आता ज्या जागेवर आधीपासून घरे आहेत तिचे काय होते ते पाहू. पुष्कळ ठिकाणी वीस-पंचवीस कुटुंबांची गृहनिर्माण सहकारी संस्था असते. तिची इमारत जुनी होते, गच्ची गळू लागते, सळया गंजतात. दुरुस्तीस पैसा नसतो. अशा वेळी बांधकाम व्यावसायिक येऊन सांगतो: जुनी इमारत पाडू, नवी बांधू, तुम्हां सर्वांस नवी, थोडी मोठी घरे विनामूल्य मिळतील, आणि वरची जास्तीची घरे मी विकीन. विकलेल्या घरांच्या पैशातून सगळ्यांच्या घरांचा खर्च निघतो. यालाच पुनर्विकास म्हणतात. निर्देशांक वाढला नाही, तर विकण्यास जास्तीची घरे उरणार नाहीत आणि हे गणितही जमणार नाही. म्हणूनच मेट्रोच्या पट्ट्यात पुनर्विकासास इतका वेग येऊ शकतो.

हा व्यवहार सोपा दिसतो, पण तो माणसांच्या आयुष्यातील दोन-तीन वर्षांवर उभा असतो. इमारत पडते तेव्हा सर्वांना भाड्याच्या घरात जावे लागते. ते भाडे व्यावसायिकाने द्यावयाचे असते. मुलांच्या शाळा दूर पडतात. ज्या आजीबाईंनी चाळीस वर्षे त्याच अंगणात तुळशीस पाणी घातले, त्यांस नवे घर अकराव्या मजल्यावर मिळेल असे सांगितले, तर त्यांना आनंदच होईल असे नाही. वीज गेली आणि उद्वाहन थांबले, तर त्या खाली कशा उतरणार? महाराष्ट्रात जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे संस्थेच्या एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुनर्विकासास पुरते. एकाच हट्टी माणसापायी साऱ्यांनी गळक्या घरात राहावे, हे न्यायाचे नव्हे, हे खरे. परंतु उरलेल्या ४९ टक्क्यांचे म्हणणे ऐकून न घेणे हेही न्यायाचे नव्हे. सभेत सर्वांसमक्ष नकाशे मांडणे, करार मराठीत समजावून सांगणे आणि भाड्याची हमी बँकेकडून लिहून घेणे, ही कामे कंटाळवाणी असली तरी त्यांवाचून पुढे जाऊ नये.

तसे केले नाही किंवा करार मोडला गेला, तर काय ओढवते याचे उदाहरण मुंबईत आहे. गोरेगाव उपनगरात पत्राचाळ नावाची वसाहत होती. २००८ मध्ये तिच्या पुनर्विकासाचा करार झाला आणि ६७२ कुटुंबांनी आपली राहती घरे सोडली. काम अर्ध्यावर अडले, भाडे बंद पडले, खटले उभे राहिले. दहा वर्षांहून अधिक काळ ती कुटुंबे नव्या घराच्या प्रतीक्षेत राहिली. जी मुले घर सोडताना तुमच्याएवढी होती, ती परत येण्यापूर्वीच मोठी झाली, आणि काही वृद्धांना तर परत येणे घडलेच नाही.

नागपुरात आणखी एक हिशेब मांडावा लागतो, तो पाण्याचा. शहरातील मनुष्यास दररोज १३५ लिटर पाणी लागते असे आपल्या देशात धरले जाते. आपल्या भूखंडावर २५ कुटुंबांतील १०० माणसे असताना १३,५०० लिटर पाणी पुरत होते. १०० कुटुंबांतील ४०० माणसांना ५४,००० लिटर लागेल, आणि उन्हाळ्यात बादल्यांनी पाणी पिणाऱ्या कूलरची तहान त्याहून वेगळी. त्यातील बरेचसे पाणी सांडपाणी होऊन त्याच जुन्या गटारात सोडले जाईल. नळ आणि गटार जमिनीखाली असल्यामुळे त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. इमारत मात्र साऱ्यांना दिसते.

वरून पडणाऱ्या पाण्याचाही विचार करा. २३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटेपूर्वीच्या काही तासांत नागपुरात १०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदीस पूर आला, सखल वस्त्यांत पाणी शिरले आणि काही लोक प्राणास मुकले. १०० मिलिमीटर पाऊस २,००० चौरस मीटर भूखंडावर पडला, म्हणजे दोन लक्ष लिटर पाणी झाले. भूखंडावर उघडी माती असेल तर त्यातील काही भाग जिरतो. सगळीकडे फरशी घातली आणि खाली मोटारींसाठी तळघर खोदले, तर पाणी रस्त्यावर तरी धावते, नाही तर तळघरात तरी उतरते. सोळा मजले चढवून तीन भाग जमीन मोकळी ठेविली व तिच्यावर पुन्हा फरशीच घातली, तर मोकळी जागा राखून काय मिळविले?

झाडांविषयी नागपूरकर किती जागरूक आहेत, हे अजनी येथे दिसून आले. अजनी हे नागपूरचे उपनगरी रेल्वे स्थानक. त्याच्या जवळच मेट्रो धावते आणि भोवती रेल्वेची जुनी वसाहत व दाट झाडी आहे. आगगाडी, मेट्रो, बस ही सारी वाहने एकत्र आणणारे प्रचंड केंद्र तेथे बांधावे अशी एक योजना निघाली. तिच्यासाठी हजारो झाडे पडणार, असे कळताच लोक एकत्र जमले. त्यांनी त्या झाडीस ‘अजनी वन’ म्हणण्यास आरंभ केला, आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. ती योजना त्या रूपात पुढे गेली नाही. पुढे ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर व अजनी या दोन्ही रेल्वे स्थानकांच्या पुनर्विकासाची कोनशिला बसविण्यात आली. विरोध करणारे लोक स्थानकाच्या विरुद्ध नव्हते. स्थानकापर्यंत सावलीतून जाता यावे, एवढेच त्यांतील पुष्कळांचे मागणे होते.

मेट्रोचा दुसरा टप्पा ४३.८ किलोमीटरांचा असून त्यास डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारची मान्यता मिळाली. तो बुटीबोरी, हिंगणा, कापसी आणि कन्हान या दिशांस जातो. या बाजूंस अजून बैठी घरे, कारखाने आणि शेते आहेत. उत्तरेकडची भुजा ज्या कन्हान नदीकडे निघाली आहे, तिचे पाणी नागपूरकर आजही पितात. रूळ तेथे पोहोचतील तेव्हा त्यांच्या दोन्ही बाजूंस नवे मजले चढू लागतील, आणि त्या मजल्यांवरच्या नळांना पाणीही त्याच नदीतून व पेंचच्या धरणातून आणावे लागेल.