बंदिस्त गृहातील आमरी आणि तापमानाची राखण

गारखेडा हे एके काळचे खेडे आज छत्रपती संभाजीनगर शहरात सामावले आहे. नावात ‘गार’ असले, तरी वैशाखातील दुपार तेथे गार नसते. पारा ४० अंश सेल्सिअसपर्यंत चढतो आणि पौषातील पहाटे १० अंशांच्या आसपास उतरतो. अशा हवेत आमरी, म्हणजेच ऑर्किड, लावू इच्छिणाऱ्याने रोपांच्या आधी तापमानाचा विचार करावयास हवा. रोपे महाग असतात, फुलावर येण्यास वेळ घेतात, आणि पंखे बंद पडलेली एकच दुपार ते सारे भांडवल करपवू शकते.

सह्याद्रीत झाडांच्या खोडांवर ‘सीतेची वेणी’ ही आमरी फुलते. सावली, वाहता वारा व दमट हवा तिला तेथे आयती मिळते. बंदिस्त गृहात याच तीन गोष्टी उभ्या करावयाच्या असतात. डेंड्रोबियमला दिवसा २५ ते ३२ व रात्री १८ ते २४ अंश तापमान मानवते. हिमालयाकडील सिंबिडियमला थंड रात्री लागतात; मराठवाड्यात त्याच्या वाटेस न जाणेच हिताचे.

पहिला उपाय सावलीचा. सावलीची जाळी छताच्या आत न बांधता बाहेर, छतापासून अंतर सोडून ताणावी. आत बांधलेली जाळी स्वतः तापून आतील हवाही तापविते. दुसरा उपाय वाऱ्याचा. तापलेली हवा वर जाते. म्हणून माथ्यावर झरोका ठेवावा.

तिसरा उपाय ओल्या पडद्याचा व पंख्याचा. वाळ्याच्या ताटीचेच हे तत्त्व आहे. बाहेर ४० अंश तापमान व हवेत २० टक्के आर्द्रता असता ओला तापमापक सुमारे २२ अंश दाखवितो. चांगला पडदा या १८ अंशांच्या अंतरापैकी सुमारे चार पंचमांश कापतो; म्हणजे पडद्यातून येणारी हवा २६ अंशांच्या जवळपास असते. पावसाळ्यात मात्र हवा दमट असल्याने हा उपाय फारसा चालत नाही. त्या वेळी भरवसा सावलीवर व खेळत्या वाऱ्यावरच ठेवावा.

पुष्कळ आमरी पर्णरंध्रे रात्री उघडून अन्नासाठी लागणारा वायू घेतात. म्हणून रात्रीचा गारवाही दिवसाइतकाच महत्त्वाचा. उन्हाळ्यात सूर्यास्तानंतर बाजूचे पडदे उघडावेत. हिवाळ्यात उलट, सूर्यास्तापूर्वीच ते सोडावेत. ऊब आणण्यासाठी आत शेगडी पेटवू नये. धुरातील वायूने कळ्या गळतात.

वीज जाते तेव्हा बंद गृह थोड्या वेळात भट्टीसारखे तापते. म्हणून बाजूचे पडदे हाताने गुंडाळता येतील असेच असावेत आणि दुपारी जवळ एक जाणते माणूस असावे.

कमाल-किमान तापमापक रोपांच्या उंचीवर, सावलीत टांगावा व रोज सकाळी त्यावरील आकडे वहीत लिहावेत. दुपारी पानाला हात लावून पाहावा. पान गरम लागल्यास सावली अपुरी आहे असे समजावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गृह उभारण्याचा सल्ला देण्यापूर्वी त्या जागेची वर्षभराची अशी वही शेतकऱ्याकडून अवश्य लिहवून घ्यावी. वहीचा खर्च अल्प आहे. करपलेल्या रोपांचा मात्र शेतकऱ्यास झेपण्याजोगा नाही.